मोठ्या समीकरणांची उकल : रीति कोणती, पूर्वसंस्कार कोणता?

नागपुरांत राहून झीरो माइलचा स्तंभ पाहिला नाहीं असा मनुष्य विरळा. त्या स्तंभाशेजारीं त्रिकोणमितीय मोजणीखात्याचा एक दगड आहे व त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे. आतां समुद्र तर येथून शेंकडों मैल दूर. मग अशी उंची कोणीं व कशी मोजली असेल? उत्तर थोडेंसें चमत्कारिक वाटेल. अशी उंची नुसती मोजून मिळत नाहीं. ती शेवटीं समीकरणें सोडवून काढावी लागते. तींहि एक-दोन नव्हेत, पुष्कळ, आणि सर्व एकमेकांत गुंतलेलीं. अशा मोठ्या समीकरणसमूहांची उकल करण्याच्या रीति कोणत्या, त्यांतील कोणती केव्हां निवडावी, आणि निवड चुकल्यास काय होतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम हीं समीकरणें उत्पन्न कशीं होतात तें पाहूं. दोन खुणांमधील उंचीचा फरक दुर्बीण आणि पट्टी यांच्या साहाय्यानें मोजतां येतो. यालाच समतलन म्हणतात. मुंबईच्या किनाऱ्यापासून फरकांची सांखळी जोडीत आलें म्हणजे नागपूरची उंची मिळते. परंतु मद्रासेकडून आलेली सांखळी थोडें निराळें उत्तर देते, आणि विशाखापट्टणाकडून आलेली आणखी निराळें. प्रत्येक मोजणींत बारीक चुका असतातच. खरें कोणाचें मानावें? भारतांतील समतलनाचें पहिलें जाळें १९०९ सालीं एकत्र जुळविण्यांत आलें. त्या वेळीं किनाऱ्यावरील नऊ बंदरांत ठरविलेली समुद्राची सरासरी पातळी आधारास घेतली होती आणि मधल्या खुणांच्या उंच्या अशा बसविल्या कीं सर्व मोजण्यांशीं मिळून कमींत कमी विरोध राहावा. या तत्त्वास लघुतम वर्गांचें तत्त्व म्हणतात. त्याचा अर्थ साध्या शब्दांत असा: एखाद्या खुणेची उंची म्हणजे तिच्या सर्व शेजाऱ्यांनीं दिलेल्या साक्षींची सरासरी, ज्याची साक्ष अधिक विश्वासार्ह, त्याचें वजन अधिक. अडचण एवढीच कीं शेजाऱ्यांच्या उंच्याहि अज्ञातच असतात. त्यांची उंची त्यांच्या शेजाऱ्यांवर अवलंबून. अशा रीतीनें जितक्या खुणा तितकीं समीकरणें तयार होतात.

शाळेंत आपण दोन अज्ञातांचीं समीकरणें एका अज्ञाताचें विलोपन करून सोडवितों. तीच रीति दहा किंवा शंभर अज्ञातांनाहि लागू पडते. मग प्रश्न काय उरला? प्रश्न श्रमाचा आहे. सर्व सहगुणक भरलेले असतील तर विलोपनास लागणारे गुणाकार अज्ञातांच्या संख्येच्या घनाच्या सुमारें एकतृतीयांश होतात. दहा अज्ञातांस सुमारें ३३३, हजार अज्ञातांस ३३ कोटि. अज्ञात दहा लक्ष झाले आणि संगणक सेकंदाला १,००० कोटि क्रिया करणारा असला, तर बेरजा धरून सुमारें दोन वर्षें लागतील! शिवाय सहगुणकांची सारणी नुसती मांडून ठेवण्यास ८,००० गिगाबाइट जागा हवी. उलट, आपल्या उंच्यांच्या उदाहरणांत प्रत्येक खुणेचा संबंध पांचसात शेजाऱ्यांशींच येतो. म्हणजे दहा लक्षांच्या ओळींत पांचसात अंक आणि बाकी सारीं शून्यें. हीं शून्यें न लिहितां काम केलें तर तीच सारणी एका लहानशा कोपऱ्यांत मावते. परंतु विलोपन करूं लागलों कीं एकाला काढतांना त्याचे शेजारी परस्परांचे शेजारी बनतात आणि पूर्वीं जेथें शून्यें होतीं तेथें अंक भरूं लागतात. विरळ सारणी पाहतां पाहतां दाट होते. मोठ्या समीकरणांच्या शास्त्रांतील अर्धी धडपड या भरतीशीं झुंजण्यांत गेलेली आहे.

ही अडचण नवी नाहीं. लॅम्बटन यांनीं १८०२ सालीं मद्रासेजवळ सुरू केलेल्या त्रिकोणमितीय मोजणीचें जाळें पुढें एवढें विस्तारलें कीं साऱ्या देशाचें गणित एकदम जुळविणें आवाक्याबाहेर होतें. म्हणून वॉकर यांच्या काळांत देशाचे पांच विभाग पाडून एकेक विभाग क्रमानें जुळविण्यांत आला. स्वतः लॅम्बटन यांचा अंत आपल्याच प्रदेशांत झाला. नागपुराकडे येत असतां जानेवारी १८२३ मध्यें हिंगणघाट येथें ते वारले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जर्मनींत गाउस या थोर गणितज्ञानें गेर्लिंग या आपल्या माजी शिष्यास एक पत्र लिहिलें. गाउस त्या वेळीं हॅनोव्हरच्या मोजणींत गुंतला होता. त्यानें सुचविलेली युक्ति अशी: विलोपनाच्या फंदांत पडूं नये. सर्व अज्ञातांस कांहीं तरी किंमत द्यावी. ज्या समीकरणांत विरोध सर्वांत मोठा दिसेल, तेथील अज्ञात तेवढा दुरुस्त करावा. मग पुन्हां पाहावें, पुन्हां दुरुस्त करावें. हें काम इतकें सोपें आहे कीं तें अर्धवट झोपेंतहि करतां येईल, अशा आशयाचें त्यानें त्यांत लिहिलें आहे.

आपल्याकडील ज्योतिष्यांना ही कल्पना अपरिचित नव्हती. ग्रहणाचा स्पर्शकाल काढावयाचा तर त्या वेळचा चंद्राचा शर हवा. आणि शर काढावयाचा तर स्पर्शकाल हवा. म्हणून सिद्धान्तकार सांगतात कीं ग्रहणमध्याचा शर घेऊन काल काढावा, त्या कालाचा नवा शर घ्यावा, आणि काल स्थिर होईपर्यंत हें कर्म 'असकृत्', म्हणजे वारंवार, करावें. आजच्या आवर्तनपद्धतीचें बीज हेंच होय.

आतां एक लहानसें उदाहरण आपण कागदावर करूं. अ आणि ब अशा दोन खुणा आहेत. अ ला तीन पक्क्या खुणांपासून मोजलें असतां प्रत्येक वेळीं ४ मीटर उंची येते. ब ला अशाच तीन खुणांपासून मोजलें असतां ६ मीटर येते. शिवाय अ हा ब पेक्षां २ मीटर खालीं आहे असें प्रत्यक्ष मोजलेलें आहे. सरासरीच्या नियमानें अ ची उंची म्हणजे १० अधिक ब, भागिले ४. आणि ब ची उंची म्हणजे २० अधिक अ, भागिले ४. उत्तर उघड आहे, पण तें माहीत नाहीं असें समजून ब शून्य धरूं. मग अ येतो २.५. तो घेऊन ब येतो ५.६२५. पुन्हां अ ३.९०६, ब ५.९७७. तिसऱ्या खेपेस अ ३.९९४, ब ५.९९९. प्रत्येक आवर्तनांत चूक सोळाव्या हिश्शावर येते. जुन्या किंमती घेऊन सर्व अज्ञात एकदम बदलण्याची रीति याकोबीनें १८४५ सालीं मांडली. नवी किंमत हातीं येतांच ती पुढें वापरण्याची रीति १८७४ सालच्या झायडेलच्या नांवानें गाउस-झायडेल म्हणून ओळखली जाते. अमेरिकेंतील हार्डी क्रॉस यांनीं १९३० सालीं इमारतींच्या चौकटींसाठीं आणि १९३६ सालीं नळांच्या जाळ्यांसाठीं याच जातीच्या रीति दिल्या आणि संगणक येण्यापूर्वीं इंजिनियरांच्या कित्येक पिढ्यांनीं त्यांवर काम भागविलें.

येथपर्यंत सर्व सुरळीत झालें. आतां याच उदाहरणांत थोडा फेर करूं. समजा अ आणि ब हे अगदीं जवळजवळ आहेत, एकाच पातळीवर आहेत, आणि त्यांच्यामधली मोजणी फार चोख आहे. तिला वजन ९९. परंतु बाहेरच्या पक्क्या खुणेशीं प्रत्येकाचा संबंध दूरचा व कच्चा आहे. त्याला वजन १. ती बाहेरची साक्ष दोघांनाहि १०० मीटर उंची देते. तेव्हां अ म्हणजे ब च्या ९९ शतांश अधिक १, आणि ब म्हणजे अ च्या ९९ शतांश अधिक १. उत्तर अर्थात् दोघेहि १००. पुन्हां ब शून्य धरून आरंभ करा. अ येतो १, ब येतो १.९९. दहा आवर्तनें केलीं तरी ब अवघा १८ वर पोंचतो. चूक शंभराव्या हिश्शावर आणण्यास सुमारें २२९ आवर्तनें लागतात. दोन अज्ञातांचीं दोन समीकरणें, आणि गणित असें रांगतें!

कारण काय? दोन्ही खुणा एकमेकींच्या तोंडाकडे पाहतात. अ म्हणतो, 'ब जेथें आहे तेथेंच मी'. ब म्हणतो, 'अ जेथें आहे तेथेंच मी.' दोघांमधला फरक चटकन् मिटतो, पण दोघांनीं मिळून वर चढावयाचें ही बातमी बाहेरून फारच हळू पोंचते. फरकाच्या दिशेनें सारणीचा जोर १.९९ आहे आणि बरोबर चढण्याच्या दिशेनें केवळ ०.०१. या दोन जोरांचें गुणोत्तर १९९ येतें. यास आपण सारणीचा प्रकृत्यंक म्हणूं. प्रकृत्यंक एकाच्या जवळ असेल तर सारणी निरोगी; हजारांत, लाखांत गेला तर ती रोगी समजावी. मोठ्या जाळ्यांत हा रोग स्वाभाविकच असतो. गाउस-झायडेलच्या एका आवर्तनांत साधारणपणें शेजारी शेजाऱ्याशीं बोलतो. परंतु दूरच्या दोन टोंकांचा मेळ बसावयाचा तर पुष्कळ आवर्तनें हवींत. धातूच्या पत्र्यांतील उष्णता किंवा बांधकामांतील ताण यांच्या साध्या जाळ्यांत, जाळें दुप्पट बारीक केलें कीं प्रकृत्यंक चौपट होतो व गाउस-झायडेलचीं आवर्तनेंहि चौपट होतात.

यावर पहिला मोठा उपाय १९५२ सालीं हेस्टेनीस आणि श्टीफेल यांनीं प्रसिद्ध केला. त्यास कॉन्जुगेट ग्रेडियंट पद्धति म्हणतात. एखाद्या लांब व अरुंद दरींत आपण उभे आहों अशी कल्पना करा. प्रत्येक वेळीं सर्वांत उभ्या उताराकडे धांवलों तर या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहूं, आणि दरीच्या तळाशीं पोंचण्यास फार वेळ लागेल. ही पद्धति नवी दिशा अशी निवडते कीं मागील दिशांत मिळविलेला लाभ बिघडूं नये. हिशोबांत बारीक अंक सोडून द्यावे लागले नसते, तर जितके अज्ञात तितक्याच पावलांत उत्तर नेमकें हातीं आलें असतें. आपल्या दुसऱ्या उदाहरणांत दोनच पावलें पुरतात. मोठ्या गणितांत मात्र तिचा खरा गुण निराळा आहे, आणि तो १९७१ सालीं रीड यांनीं पुढें आणला: अज्ञात दहा लक्ष असले तरी पुरेसें चांगलें उत्तर त्याहून फार थोड्या पावलांत मिळूं शकतें. पावलांची संख्या प्रकृत्यंकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत वाढते. प्रकृत्यंक दहा हजार असेल तर हिशोब शंभराच्या पटींत करावयाचा, दहा हजारांच्या नव्हे.

परंतु वर्गमूळ घेऊनहि आंकडा मोठाच राहिला तर? तेव्हां सारणीवर आधीं संस्कार करावा लागतो. यालाच मी पूर्वसंस्कार म्हणतों. मूळ सारणीसारखीच, पण सोडविण्यास सोपी अशी दुसरी सारणी घ्यावयाची आणि प्रत्येक पावलास शेष राहिलेला विरोध तिच्यांतून गाळून घ्यावयाचा. पूर्वसंस्काराचीं दोन टोंकें ध्यानांत ठेवावीं. कांहींच न करणें हें एक टोंक. तें फुकट आहे, पण निरुपयोगी. मूळ सारणीच सोडविणें हें दुसरें टोंक. त्यानें एका पावलांत काम होतें, पण मग आवर्तनाची गरजच काय? चांगला पूर्वसंस्कार या दोहोंच्या मध्यें असतो. त्याची किंमत एका पावलावरून ठरवूं नये. तयारीचा वेळ, एका पावलाचा वेळ आणि पावलांची संख्या या सर्वांचा एकत्र हिशोब करावा.

पूर्वसंस्काराचे प्रमुख प्रकार चार.

पहिला कर्णाचा. प्रत्येक समीकरण त्याच्या स्वतःच्या मुख्य सहगुणकानें भागून टाकावें. एका ओळींत मण आणि दुसरींत तोळे असले तर होणारा गोंधळ यानें नाहींसा होतो. श्रम जवळजवळ शून्य. परंतु आपल्या दुसऱ्या उदाहरणांत दोन्ही मुख्य सहगुणक समानच आहेत. तेथें यानें रतीभरहि फरक पडत नाहीं. मापांची विषमता असेल तेथें तो औषध आहे, दूर अंतराच्या दुखण्यावर नाहीं.

दुसरा अपूर्ण विलोपनाचा. विलोपन करावयाचें, पण नव्यानें भरूं पाहणारे अंक बहुतेक सोडून द्यावयाचे. मायरिंक आणि फान् डर् फोर्स्ट यांनीं १९७७ सालीं एका महत्त्वाच्या जातीच्या सारण्यांसाठीं हें काम बिनधोक चालतें असें सिद्ध केलें व कॉन्जुगेट ग्रेडियंट पद्धति खऱ्या अर्थानें व्यवहारांत रुळली. किती अंक ठेवावे व किती टाकावे हें अनुभवानें ठरवावें लागतें. सारणी फार विचित्र असेल तर मध्येंच शून्यानें भागण्याची पाळी येऊन हा संस्कार मोडतोहि.

तिसरा विभागणीचा. शहराच्या पेठा पाडाव्या, प्रत्येक पेठेचें गणित पूर्ण विलोपनानें सोडवावें, आणि पेठांच्या सीमेवर देवघेव करावी. आज मोठे संगणक हजारों लहान गणकांचे बनलेले असतात. एकेका गणकास एकेक पेठ देतां येते. परंतु पेठा पुष्कळ झाल्या कीं पुन्हां जुनेंच दुखणें: महाल आणि इतवारी शेजारी म्हणून एकमेकांशीं बोलतील, पण महाल आणि धरमपेठ यांचा निरोप मधल्या साऱ्या पेठांतून जावयाचा. म्हणून पेठांच्या प्रतिनिधींची एक छोटी सभा, म्हणजे सर्व शहराचें ठोकळ गणित, त्याच्या जोडीस असावें लागतें.

चौथा प्रकार त्याच सभेचा विस्तार होय. त्यास मल्टिग्रिड म्हणतात. रशियांत फेदोरेंको यांनीं १९६० नंतरच्या दशकांत त्याचा पाया घातला व पुढील दशकांत ब्रांट यांनीं तो व्यवहारांत आणला. बारीक जाळ्यावर दोनचार आवर्तनें करून शेजाऱ्याशेजाऱ्यांतील खडबडीत चूक घासून काढावयाची. जी गुळगुळीत, दूरवर पसरलेली चूक उरते ती विरळ जाळ्यावर न्यावयाची. तेथें उरलेली त्याहून विरळ जाळ्यावर. आपल्या दुसऱ्या उदाहरणांत पाहा: अ आणि ब यांस एक कुटुंब समजून दोघांस मिळून किती वर न्यावें असा एकच प्रश्न विचारला, तर उत्तर येतें १००, तेंहि पहिल्याच फटक्यांत. जेथें २२९ आवर्तनें चूक शंभरांश करण्यासच लागत होतीं तेथें एका पावलांत निकाल! अनुकूल गणितांत या रीतीचा गुण असा कीं जाळें कितीहि बारीक केलें तरी आवर्तनांची संख्या जवळजवळ तेवढीच राहते.

आतां पूर्वसंस्काराबरोबर कोणती आवर्तनपद्धति निवडावी? यासाठीं सारणीचा स्वभाव ओळखावा. अ चा ब वर जितका परिणाम तितकाच ब चा अ वर, ही सममिति. आणि कोणताहि फेरफार केला तरी त्याची किंमत धनच येते, हा धनपणा. उंच्यांचें जाळें, स्थितिस्थापक बांधकाम, उष्णतेचें वहन यांच्या सारण्या सामान्यतः सममित व धन असतात. तेथें कॉन्जुगेट ग्रेडियंटच घ्यावी, मात्र पूर्वसंस्कारहि सममित व धनच ठेवावा. सारणी सममित पण धन नसेल तर पेज आणि साँडर्स यांची १९७५ सालची मिनरेस पद्धति आहे.

सममिति नसली कीं प्रकरण निराळें. आपल्या नाग नदीचेंच पाहा. वरच्या अंगाला तिच्यांत पडलेली घाण खालच्या अंगाला पोंचते. खालची घाण वर चढत नाहीं. म्हणजे परिणाम एकतर्फी. अशा प्रवाहांच्या गणितांसाठीं साद आणि शुल्ट्झ यांनीं १९८६ सालीं जीएमरेस पद्धति दिली. ती प्रत्येक पावलास शेष कमींत कमी ठेवते, पण त्यासाठीं मागील सर्व दिशा स्मरणांत ठेवाव्या लागतात. पावलें वाढलीं कीं स्मरणाचें ओझें वाढतें. म्हणून तीसचाळीस पावलांनंतर पाटी पुसून पुन्हां आरंभ करतात, आणि कधीं कधीं त्यामुळें प्रगति खुंटते. फान् डर् फोर्स्ट यांची १९९२ सालची बायसीजीस्टॅब थोडक्या स्मरणावर चालते, पण तिची चाल खालींवर होते. अशा ठिकाणीं एक साधी गोष्टहि विसरूं नये: समीकरणें प्रवाहाच्या क्रमानें, उगमापासून मुखाकडे, मांडलीं तर साधें गाउस-झायडेलसुद्धां फार थोड्या फेऱ्यांत काम उरकतें. पुष्कळदां मांडणी हाच अर्धा संस्कार असतो.

पूर्वसंस्काराचें महत्त्व किती, याचें एक उदाहरण आपल्या मराठी माणसाच्या कर्तृत्वांतच सांपडतें. मुंबईच्या आय्. आय्. टी.चे पदवीधर नरेंद्र करमरकर यांनीं १९८४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत असतां एकघाती नियोजनाची नवी रीति प्रसिद्ध केली. मर्यादित सामग्रींतून जास्तींत जास्त लाभ कसा काढावा, असल्या प्रश्नांचें हें शास्त्र. त्या रीतीच्या प्रत्येक पायरीवर एक मोठा समीकरणसमूह सोडवावा लागतो. गंमत अशी कीं उत्तर जवळ येतें तसतसे कांहीं सहगुणक अतिशय मोठे व कांहीं अतिशय बारीक होत जातात. म्हणजे घर जवळ आलें कीं वाट बिकट होते. करमरकर व रामकृष्णन् यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या कामांत या पायरीसाठीं पूर्वसंस्कारित कॉन्जुगेट ग्रेडियंट पद्धतीचाच अवलंब केलेला आहे. पायरीपायरीस सारणी बदलते, तेव्हां जुना संस्कार किती वेळ चालवावा व नवा केव्हां तयार करावा, हाहि अशा कामांत विचाराचा विषय होतो.

परंतु आवर्तनपद्धतीचें एवढें कौतुक ऐकून कोणी विलोपनास रजा देऊं नये. सर्वांत पहिला प्रश्न हाच विचारावा कीं आवर्तनाची गरज खरोखर आहे काय? समीकरणांचा क्रम चतुराईनें लावला तर शून्यांच्या जागीं होणारी भरती पुष्कळच आटोक्यांत राहते. शहराच्या नळांचें गणित करणारी एपानेट नांवाची प्रसिद्ध आज्ञावली क्रम लावून विलोपनच करते. उत्तर अमेरिकेच्या मोजणीचें जाळें १९८६ सालीं नव्यानें जुळविलें तेव्हां अज्ञात नऊ लक्षांहून अधिक होते. तें कामहि हेल्मर्टच्या जुन्या विभागणीनें, विलोपनाच्याच मार्गानें पार पडलें. सपाट, द्विमिति जाळें असेल, किंवा एकच सारणी घेऊन भारांचीं अनेक उदाहरणें सोडवावयाचीं असतील, तर विलोपन बहुधा सरस. एकदां केलेलें विलोपन पुनःपुन्हां वापरतां येतें.

त्रिमिति आली कीं पारडें फिरतें. कोयनेचें १०३ मीटर उंचीचें धरण घ्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे झालेल्या भूकंपांत त्याच्या वरच्या भागांत भेगा पडल्या. चोप्रा आणि चक्रवर्ती यांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत धरणाच्या उभ्या छेदाचे लहान लहान भाग पाडून ताण काढले. तें छेदाचें, म्हणजे द्विमितीचें गणित होतें. आज कोणी सारें धरण, त्याखालचा खडक आणि मागचें पाणी यांचा त्रिमितींत विचार करूं म्हणेल तर अज्ञातांची संख्या सहज लक्षांत जाते. तेथें विलोपनाची भरती आवरत नाहीं आणि चांगल्या पूर्वसंस्कारासह आवर्तनच करावें लागतें. हवामानशास्त्रांतहि वेध आणि अंदाज यांचा मेळ घालतांना याच जातीच्या पद्धति वापरतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेंत २०२४ सालीं बसविलेल्या 'अर्क' संगणकाची शक्ति ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारें ११,७७० लक्ष कोटि क्रिया, एवढी आहे. तरी रीतीची निवड चुकली तर असलें यंत्रहि व्यर्थ शिणतें. कारण यंत्र दसपट वेगवान् झालें तरी दाट सारणीच्या विलोपनांत अज्ञातांची संख्या दुप्पट झाल्याबरोबर श्रम आठपट होतात.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: थांबावें केव्हां? आवर्तनपद्धति उत्तराच्या जवळ जाते, पण 'आतां पुरें' असें आपण होऊन सांगत नाहीं. सामान्यतः शेष, म्हणजे समीकरणांत राहिलेला विरोध, पुरेसा लहान झाला कीं थांबतात. येथेंच फसगत होते. आपलें दुसरें उदाहरण पुन्हां घ्या. खरें उत्तर दोघांचें १००, आणि आपण ९९ वर थांबलों. शेष किती? ९९ च्या ९९ शतांशांत १ मिळविला तर ९९.०१ होतात, म्हणजे शेष केवळ एक सेंटिमीटर. समीकरणें जवळजवळ जुळलेलीं दिसतात, आणि चूक मात्र पुरी एक मीटर! प्रकृत्यंक जितका मोठा, तितका शेष आणि चूक यांत अंतराय पडण्यास वाव अधिक. ही नुसती गणिताची गंमत नव्हे. कालव्याचा उतार पांच हजारांस एक असा ठेवला असेल, तर एक मीटर म्हणजे पांच किलोमीटर लांबीचा सारा उतार. कागदावर पाणी वाहील, आणि शेतकऱ्याच्या बांधाशीं मात्र तें तुंबून राहील.

म्हणून जाणता मनुष्य तीन काळज्या घेतो. पहिली, प्रकृत्यंकाचा ठोकळ अंदाज काढून शेषाची मर्यादा त्या मानानें कडक ठेवतो. दुसरी, उत्तर आधींच माहीत असलेलें एक खोटें उदाहरण त्याच सारणीवर सोडवून पाहतो. अज्ञातांस स्वतः किंमती द्याव्या, उजवी बाजू काढावी, आणि पद्धति त्या किंमतींस परत पोंचते कीं नाहीं तें पाहावें. तिसरी, निराळा पूर्वसंस्कार लावून तेंच गणित पुन्हां करतो. दोन वाटांनीं आलेलीं उत्तरें जुळलीं तर विश्वास ठेवण्यास जागा आहे. याच्या उलट अतिरेकहि नको. मोजणीच जर शंभरांत एकाच्या अचूकतेची असेल तर दहाव्या दशांशस्थळापर्यंत आवर्तनें करीत बसणें हा केवळ कालापव्यय होय.

साऱ्या विवेचनाचा क्रम थोडक्यांत असा. प्रथम विलोपन परवडतें काय तें पाहावें. परवडत नसेल तर सारणीची सममिति व धनपणा तपासून पद्धति ठरवावी. मग दुखणें कोणतें तें ओळखावें: मापांची विषमता असेल तर कर्णाचा संस्कार, शेजाऱ्यांचा गुंता असेल तर अपूर्ण विलोपन, दूर अंतराचें दुखणें असेल तर विभागणी किंवा मल्टिग्रिड. शेष कसा उतरतो याची प्रत्येक आवर्तनास नोंद ठेवावी. आणि शेष लहान झाला म्हणजे चूकहि लहान झाली असें, तपासल्यावांचून, कधींहि मानूं नये.